समुद्रावरची सहल ठरवताना : यॉट भाड्याने घेण्यापूर्वी काय पाहावे?

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात सहलीचे गणित कारखान्याच्या भोंग्यावर ठरते. येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नव्हे, तर गुरुवारी असते. मोठी सुट्टी मिळते ती दिवाळीत, वर्षअखेरीस किंवा 'ब्लॉक क्लोजर' जाहीर झाल्यावर. पूर्वी अशा सुट्टीत एकवीरा, लोणावळा, फार तर अलिबाग-मुरुड एवढीच मजल जाई. द्रुतगती मार्गामुळे मुंबईचा किनारा जवळ आला, हातात पैसा खेळू लागला आणि समुद्रकिनाऱ्यावर बसून लाटा पाहण्याऐवजी थेट समुद्रात जाण्याची हौसही वाढली. गेटवे ऑफ इंडियासमोरून, मांडव्याहून किंवा गोव्याच्या मांडवी नदीतून दोन-चार तासांसाठी अख्खी नौका भाड्याने घ्यायची, त्यावर वाढदिवस, निवृत्तीचा समारंभ किंवा विभागाचे स्नेहसंमेलन साजरे करायचे, ही कल्पना आता केवळ चित्रपटांतल्या श्रीमंतांची राहिलेली नाही. वीस-पंचवीस जणांनी वर्गणी काढली, तर ती नोकरदारांच्याही आवाक्यात येते.

मात्र अख्खी नौका भाड्याने घेणे आणि फेरीबोटीचे तिकीट काढणे यांत मोठा फरक आहे. एसटीचे तिकीट काढणाऱ्याने गाडीचे ब्रेक तपासावेत, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. लग्नासाठी खासगी बस ठरवणारा मात्र गाडी कोणाची, चालक कोण, परवाना आहे की नाही याची चौकशी करतोच. यॉट ठरवणाऱ्याची भूमिका या दुसऱ्या माणसाची असते. तो नुसता प्रवासी नसून संपूर्ण नौका आणि तिचे कर्मचारी ठरावीक काळासाठी घेणारा एक पक्ष असतो. किती माणसे चढवायची, किती वाजता निघायचे, कोठवर जायचे हे बऱ्याच अंशी त्याच्या मागणीवर ठरते. म्हणूनच चौकशी करताना 'तासाचे किती?' हा प्रश्न पहिला नसावा. पहिला प्रश्न 'या नौकेवर किती माणसांना परवानगी आहे?' हा असावा आणि दुसरा 'त्या तारखेला समुद्र कसा असतो?' हा असावा. भाड्याचा विषय त्यानंतरचा.

यॉट म्हणजे नेमके काय?

'यॉट' म्हटले की डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र, दुमजली, गुळगुळीत नौका येते. प्रत्यक्षात हा शब्द शिडाच्या साध्या नौकेलाही लागू आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि तसे करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांची 'म्हादेई' ही गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली ५६ फुटी शिडाची यॉटच होती. याच नौकेतून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता जगाची फेरी पूर्ण केली. तेव्हा यॉटचा संबंध चैनीशीच असतो असे नाही.

भाड्याने मिळणाऱ्या नौकांचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिली शिडाची यॉट. ती वाऱ्यावर चालते, एका बाजूला कलते आणि तिच्यावर जागा बेताची असते. हे कलणे स्वाभाविक असते. तळाशी असलेल्या जड वजनामुळे अशी नौका पुन्हा सरळ होते. पण हे आधी ठाऊक नसेल, तर आजी-आजोबांची आणि लहान मुलांची घाबरगुंडी उडते. दुसरी मोटर यॉट. तिचा वेग जास्त, बैठकीची सोय चांगली, पण इंधनाचा खर्च मोठा. तिसरा प्रकार कॅटामरानचा, म्हणजे दोन समांतर तळांवर उभी असलेली रुंद नौका. ती कमी हलते, त्यामुळे ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर ती सोयीची पडते. ज्या मंडळींना समुद्राचा अनुभव घ्यायचा आहे, त्यांनी शिडाची नौका पाहावी. ज्यांना केक कापून छायाचित्रे काढायची आहेत, त्यांनी शिडाच्या वाटेला जाऊ नये. गट कोणता आहे हे न सांगता केवळ जाहिरातीतील छायाचित्र पाहून नौका ठरवली, तर निराशा बहुधा ठरलेली असते.

किमतीआधी आकडा

प्रत्येक प्रवासी नौकेला किती प्रवासी आणि किती कर्मचारी नेता येतील, हे तपासणीनंतर ठरवून दिलेले असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हे काम १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे, तर गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स या खात्याकडे. हा आकडा नौकेवर ठळकपणे लिहिलेला असावा लागतो आणि तपासणीच्या प्रमाणपत्रातही असतो. गोंधळ होतो तो सहल ठरवताना. नौका पंचवीस जणांची ठरते, नावे अठ्ठावीस येतात. शिवाय 'मुलांना धरू नका हो, ती मांडीवर बसतील' असे कोणीतरी म्हणतेच. मांडीवर बसलेले मूल बसगाडीत खपून जाते; समुद्रावर मात्र प्रत्येक डोक्यामागे एक जीवरक्षक जॅकेट लागते आणि नौकेच्या समतोलाचा हिशेब माणसांच्या संख्येवर केलेला असतो.

हा समतोल यंत्रशाळेत काम करणाऱ्यांना निराळा समजावून सांगायला नको. नौकेचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी ती स्थिर. दहा माणसे खालच्या डेकवरून वरच्या डेकवर गेली, की गुरुत्वमध्य वर सरकतो. तीच माणसे डॉल्फिन दिसला म्हणून किंवा सामूहिक छायाचित्रासाठी एका कठड्याला लोटली, की तो बाजूलाही सरकतो. क्षमतेएवढेच लोक असतील, तर एवढी चूक सोसण्याची तजवीज रचनेतच केलेली असते. क्षमतेहून अधिक असतील, तर ती तजवीज आधीच खर्ची पडलेली असते.

या किनाऱ्याला अशा दुर्घटना नव्या नाहीत. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट किनारा जवळ आला असताना उलटून दोघे दगावले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या फेरीबोटीवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान नौका आदळली. त्या दुर्घटनेतील मृतांची संख्या १५ झाली. धडकेचा दोष फेरीबोटीतील प्रवाशांचा मुळीच नव्हता. परंतु त्या बोटीला ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी एवढ्यांचीच परवानगी असताना तिच्यावर त्याहून अधिक लोक होते आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते, हे नंतर समोर आले. त्यानंतर प्रवाशांना जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले. अपघात कोणाच्या चुकीने होईल हे आधी सांगता येत नाही. अंगावर जॅकेट असणे आणि नौकेत गर्दी नसणे, एवढे मात्र सहल ठरवणाऱ्याच्या हातात असते.

संख्या जास्त होत असेल, तर दोन नौका घ्याव्यात किंवा दोन फेऱ्या कराव्यात. 'आम्ही सांभाळून घेतो' असे म्हणणारा मालक सोयीचा वाटला, तरी त्याच्याकडे नौका ठरवू नये. जो एका बाबतीत नियम वाकवतो, त्याने दुसऱ्या कोणत्या बाबतीत काय केले असेल, हे किनाऱ्यावर उभे राहून कळत नाही.

कागद कोणते पाहावेत?

कारखान्यात मोजमापाच्या गेजवर कॅलिब्रेशनची मुदत संपल्याची चिकटपट्टी दिसली, तर ते गेज बाजूला ठेवले जाते. ते बरोबरच मोजत असेल, असा युक्तिवाद कोणी करीत नाही. पुरवठादाराच्या कारखान्यात जाऊन तपासणी केल्याशिवाय सुटे भाग घेतले जात नाहीत. चाकणच्या वाहन कारखान्यांत ज्यांचे आयुष्य अशा तपासण्यांत जाते, तीच माणसे नौकेवर पाऊल ठेवताना एकही कागद मागत नाहीत, ही गंमतच आहे.

मागायचे कागद फार नाहीत. नौकेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, चालू मुदतीचे तपासणी प्रमाणपत्र, नौका चालवणाऱ्या तांडेलाचे पात्रता प्रमाणपत्र आणि प्रवाशांचा समावेश असलेला विमा. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने नोंदणी, तपासणी, कर्मचाऱ्यांची पात्रता आणि विमा या चारही गोष्टींवर भर दिला आहे. याच कायद्यात जलक्षेत्राचे लाटांच्या उंचीनुसार विभाग पाडण्याची तरतूद आहे. खाडीच्या शांत पाण्यासाठी परवानगी मिळालेली नौका खुल्या समुद्रात नेण्यास पात्र असतेच असे नाही. म्हणून प्रमाणपत्रावरील मुदतीइतकेच, नौका कोणत्या क्षेत्रासाठी आहे तेही वाचावे. खासगी वापरासाठी नोंदवलेली यॉट भाड्याने दिली जात असेल, तर दुर्घटनेनंतर विमा कंपनी हात वर करण्याची दाट शक्यता असते.

हे कागद आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी मागवावेत. मोबाइलवर छायाचित्र पाठवणे कोणत्याही प्रामाणिक मालकाला अवघड नसते. कागदावरील नौकेचे नाव, पावतीवरचे नाव आणि सहलीच्या दिवशी धक्क्याला लागलेल्या नौकेवर रंगवलेले नाव ही तिन्ही एकच असली पाहिजेत. दलालामार्फत ठरवलेल्या सहलीत ऐन वेळी दुसरीच नौका पुढे केली जाण्याचा धोका असतो. दुसरी नौका वाईटच असेल असे नाही, पण तिचे कागद कोणी पाहिलेले नसतात.

हंगाम, वारा आणि तिथी

कोकण किनाऱ्यावर जलपर्यटनाला साधारणतः मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंदी असते. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक आणि गेटवे-मांडवा लाँचसेवाही पावसाळ्यात बंद राहते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी सुरू झालेली रो-रो सेवा मोठ्या जहाजाची असल्याने हवामान पाहून चालवली जाते. तिच्यावरून लहान यॉटचा अंदाज बांधू नये. ज्या कारखान्यांचे ब्लॉक क्लोजर मेअखेरीस किंवा जूनमध्ये येते, त्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. 'बंदी आहे, पण आम्ही खाडीतल्या खाडीत फिरवतो' असे सांगणारे भेटले, तर त्यांच्या नादी न लागणे श्रेयस्कर.

बंदी सुरू होण्याआधीचा पंधरवडा सर्वांत फसवा. आकाश निरभ्र, सुट्ट्या चालू आणि समुद्राचा स्वभाव मात्र बदलू लागलेला. तारकर्लीची दुर्घटना २४ मेची, हे येथे पुन्हा ध्यानात घ्यावे. समुद्रच कशाला, २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात सापडून प्रवासी बोट बुडाली आणि सहा जणांचा बळी गेला. वळवाचा वारा दहा मिनिटांत पाण्याचे रूप पालटतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावरून आत शिरलेल्या वाऱ्याने पिंपरी-चिंचवडमध्येही झाडे उन्मळून पडली होती. घाटमाथ्यापलीकडे ही अवस्था, तर किनाऱ्याची कल्पना करता येईल.

यॉटसाठी उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या दिवसांत समुद्र बहुधा शांत असतो आणि वाऱ्याचा दिनक्रम ठरलेला असतो. शाळेच्या भूगोलात शिकवलेले मतलई आणि खारे वारे येथे उपयोगी पडतात. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सकाळी मंदावतो. मग जमीन तापली, की दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. शिडाची यॉट सकाळी दहाच्या सुमारास घेतली, तर शिडे लोंबकळत राहतात आणि नौका इंजिनावर चालवावी लागते. तीच दुपारी तीननंतर घेतली, तर खऱ्या अर्थाने नौकानयन होते. मोटर यॉट घेणाऱ्यांनी याउलट करावे. सकाळचे सपाट पाणी त्यांच्या पोटाला मानवते.

भरती-ओहोटीचे गणितही सोपे आहे. कोकणात वापरला जाणारा ढोबळ हिशेब असा, की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले, की मुंबईच्या आसपासच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाण्याची चढउतार सर्वाधिक आणि प्रवाहही जोराचे असतात. या सर्वाचा यॉटशी संबंध असा, की अनेक ठिकाणी नौका धक्क्याला लागत नाही. ती खोल पाण्यात नांगरलेली असते आणि धक्क्याच्या पायऱ्यांवरून छोट्या होडीने तिच्यापर्यंत जावे लागते. ओहोटीच्या वेळी खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीसाठी किंवा साडी नेसलेल्या आजींसाठी सहलीतील सर्वांत धोक्याचा क्षण हाच असतो. दिनदर्शिका पाहून भरतीच्या आसपासची वेळ मागितली, तर तो बराच सुसह्य होतो. अचूक वेळेसाठी भरतीची छापील कोष्टके आहेतच.

वाट माहीत असणे ही आणखी एक बाब. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी अरबी समुद्रातील नियोजित शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली आणि एकाचा मृत्यू झाला. मुंबईसमोरचा समुद्र वरून मोकळा दिसतो, पण त्याच्या पोटात खडक आहेत, मालवाहू जहाजांचे मार्ग आहेत आणि नौदलाचे निषिद्ध क्षेत्रही आहे. 'जरा तिकडे घ्या की' असा आग्रह तांडेलाला करू नये, तो याचसाठी. नौदलाच्या गोदीची छायाचित्रे काढण्यासही मनाई आहे.

व्यवहाराच्या खाचाखोचा

भाडे तासावर असते, पण तास कधी सुरू होतो? ठरलेल्या वेळेला, की सर्व मंडळी चढल्यावर? निगडीहून गेटवेपर्यंतचे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. बोरघाटात वाहतूक खोळंबली, तर दीड तासाचा उशीर सहज होतो. चार तासांच्या भाड्यातले दोन तास घाटातच खर्ची पडल्यावर धक्क्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. सकाळची वेळ ठरवली असेल, तर आदल्या रात्री मुक्कामाला जाणे किंवा तीन तास राखून निघणे शहाणपणाचे. तिसरी पाळी संपवून तसेच बसमध्ये बसायचे आणि उतरल्यावर थेट नौकेवर चढायचे, असा बेत अनेकदा आखला जातो. जागरण झालेल्या माणसाला बोट हमखास लागते, हे अशांनी ध्यानात ठेवावे.

इंधन, धक्क्याचे शुल्क, छोट्या होडीचे भाडे, कर आणि खाद्यपदार्थ यांपैकी काय दरात धरले आहे आणि काय वेगळे, हे लेखी घ्यावे. बाहेरचे जेवण चालते का, वाद्ये किती वाजेपर्यंत, मद्याला परवानगी कोणाची, हेही आधीच विचारावे. मद्यपानाबाबत महाराष्ट्रात परवान्याचा कायदा आहे आणि तो पाण्यावर गेल्याने बदलत नाही. शिवाय कठड्याशी उभ्या असलेल्या मद्यधुंद माणसाला सांभाळायला प्रत्येक खलाशी मोकळा नसतो.

सर्वांत महत्त्वाचे कलम हवामानाचे. वारा वाढला किंवा बंदर खात्याने नौका सोडण्यास मनाई केली, तर पैसे परत मिळणार की दुसरी तारीख? दुसरी तारीख असेल, तर ती गुरुवारी मिळेल का? आणि निघावे की न निघावे याचा निर्णय कोणाचा? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'तांडेलाचा' असेच असले पाहिजे आणि करारात तसे लिहिलेले असले पाहिजे. पैसे परत मिळणार नसतील, तर पन्नास जणांची बस करून आलेला संयोजक तांडेलावर दबाव आणतो, तांडेलही मालकाचे नुकसान नको म्हणून नांगर उचलतो. पैसे परत मिळण्याची हमी असेल, तर 'आज नको' हा शब्द दोघांनाही सहज उच्चारता येतो. दरात घासाघीस करून हे कलम काढून टाकणे म्हणजे काटकसर नव्हे.

गुरुवारच्या सुट्टीचा मात्र येथे फायदा आहे. शनिवार-रविवारी गेटवे आणि मांडव्याला जी झुंबड असते, ती गुरुवारी नसते. दरही सैल असण्याची शक्यता असते आणि नौका पाहून, कागद वाचून ठरवायला वेळ मिळतो.

परदेशात यॉट घेणारे

चाकणमधील काही वाहन कारखाने जर्मन कंपन्यांचे असल्याने येथील अभियंत्यांचे कामानिमित्त जर्मनीत राहणे होते. तेथून क्रोएशिया किंवा ग्रीसला आठवडाभराची यॉट घेऊन जाण्याची पद्धत युरोपात रुळलेली आहे. तेथे दोन शब्द कळले पाहिजेत. 'बेअरबोट' म्हणजे केवळ नौका, चालवणारे तुम्हीच. त्यासाठी मान्यताप्राप्त परवाना लागतो. क्रोएशियात रेडिओ वापराचे प्रमाणपत्रही मागतात, तर ग्रीसमध्ये परवानाधारकाखेरीज दुसरी एक जाणकार व्यक्ती नौकेवर असावी लागते. ज्यांच्याकडे हे नाही, त्यांनी 'स्किपर'सह नौका घ्यावी. तेव्हा स्किपरची झोपण्याची जागा आणि जेवण यांची सोय भाडेकरूकडेच असते, हे विसरले जाते. आठ जागांच्या नौकेवर मग सातच मित्र जाऊ शकतात.

बेअरबोट घेताना मोठी अनामत रक्कम अडकवली जाते आणि नौका परत देताना पाणबुड्याकरवी तळाची तपासणी होऊ शकते. ताब्यात घेतानाच प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढून ठेवलेले बरे. पूर्ण कर्मचाऱ्यांसह असलेल्या मोठ्या यॉटवर मूळ भाड्याशिवाय इंधन, अन्न आणि बंदरशुल्क यांसाठी भाड्याच्या साधारण २५ ते ३५ टक्के आगाऊ रक्कम वेगळी ठेवावी लागते आणि शेवटी तिचा हिशेब होतो. जाहिरातीतील आकडा पाहून हुरळून गेलेल्यांना हा धक्का पुढे बसतो.

निघण्याच्या दिवशी

जीवरक्षक जॅकेट नौका हलण्यापूर्वी अंगावर चढवावे, हाताशी ठेवून भागत नाही. जॅकेट घातल्यावर दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकत असेल, तर सैल आहे. पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जाईल. मुलांसाठी मोठ्यांचे जॅकेट आवळून बांधणे हा उपाय नव्हे. किती मुले आहेत आणि त्यांचे वजन काय, हे आधी कळवून त्या मापाची जॅकेटे मागवावीत. धक्क्यावर ती दिसली नाहीत, तर तेथेच थांबावे. मांडव्याजवळ १४ मार्च २०२० रोजी बुडणाऱ्या प्रवासी बोटीवरील ८८ जणांना पोलिसांच्या नौकेने वेळेत पोहोचून वाचवले. पण मदत इतकी जवळ प्रत्येक वेळी असेलच असे नाही.

बोट लागण्यावरचे औषध वैद्यकीय सल्ल्याने निघण्याच्या तासभर आधी घ्यावे. मळमळू लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. अशा गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून बसचालकाने ती घेऊ नये. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि वडापावावर ताव मारूनही जाऊ नये. मळमळल्यास केबिनमध्ये आडवे होण्याऐवजी उघड्या डेकवर, नौकेच्या मध्याजवळ बसून क्षितिजाकडे पाहावे. मोबाइलच्या पडद्याकडे पाहत राहिल्यास त्रास वाढतो.

चढलेल्या प्रत्येकाची नावनिशीवार यादी दोन प्रतींत करावी. एक नौकेवर, एक किनाऱ्यावर थांबलेल्या बसचालकाकडे. परतायची वेळही त्याला सांगून ठेवावी. नौकेवर बिनतारी संच चालू आहे का आणि सोळाव्या वाहिनीवर तांडेल बोलू शकतो का, हे विचारावे, कारण किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइलची साथ सुटू शकते. साथ असेपर्यंत उपयोगी पडणारे दोन क्रमांक असे : तटरक्षक दल १५५४ आणि सागरी पोलिसांची मदतवाहिनी १०९३.